धामणीची तेरा अंडी, एक रांजण आणि दोनदा पडलेला खड्डा

ही केस आमच्या ओळखीतल्या एका सर्पमित्र पोराची. त्याला इथे बाळू म्हणू, खरं नाव, गाव, तालुका सगळं मुद्दाम गाळलंय. मी त्याच्यापासून दोन तालुके लांब, त्यामुळे यात माझा भाग म्हणजे फोनवर सल्ला देणं आणि शेवटी शेवटी दोनदा जाऊन येणं एवढाच. पण त्या फोनवरच्या सल्ल्यात एक चूक माझीही आहे, ती खाली येईलच.

पार्श्वभूमी

२० एप्रिल. विहिरीच्या कडेला जेसीबीने चर खणणं चालू होतं आणि दगडांच्या ढिगातून धामण निघाली, सहा फुटांच्या वर, अंगाने भरलेली. लोकांनी काठ्या काढल्याच होत्या, बाळू वेळेत पोचला म्हणून वाचली. पाठीवर दगडाने खरचटलं होतं, जखम खोल नव्हती पण त्याला वाटलं डॉक्टरांना दाखवू आणि मगच सोडू. वनरक्षकांना फोन केला, नोंद झाली, आणि धामण एका मोठ्या हवेशीर ड्रममध्ये, कोपऱ्यात पाण्याचं भांडं. डॉक्टर दोन दिवसांनी आले, बघून म्हणाले काही नाही, सोडा. सोडायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

२३ तारखेला सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला.

"ताई, ड्रममध्ये अंडी आहेत."

"किती?"

"मोजता येत नाहीत, ती वर बसलीय ना."

तेरा निघाली. नऊ एकमेकांना चिकटलेला गोळा आणि चार सुटी.

आता बोलायला सोपंय, पण खुणा पहिल्या दिवसापासून होत्या. पोटाचा मागचा एक तृतीयांश भाग फुगलेला, त्यात थोडे उंचवटे दिसत होते, त्याने काढलेल्या व्हिडिओत ते मला नंतर स्पष्ट दिसले. आणि अंग एकदम चकचकीत, म्हणजे कात नुकतीच टाकलेली. अंडी घालायच्या आधी आठवडा-दोन आठवडे मादी बऱ्याचदा कात टाकते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये भरल्या पोटाची, ताज्या कातीची धामण मिळाली तर ती जेवून आलीय असं धरू नये. बाळूने तेच धरलं, उंदीर खाल्ला असेल म्हणाला.

अडचण काय होती

मादीला त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या ओढ्याकाठी सोडलं, त्यात वाद नव्हता. प्रश्न अंड्यांचा.

एक म्हणजे कायदा. धामण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे आणि त्या कायद्यात 'प्राणी' म्हणताना पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीसुद्धा धरलीयत. म्हणजे अंडी घरी ठेवणं हा आपला छंद होऊ शकत नाही, बाळूला हे मी पहिल्याच फोनवर सांगितलं की आधी वनविभागाला कळव, मग डबा शोध.

दुसरं म्हणजे ऊन. नेटवर सापाची अंडी उबवण्याचे जेवढे व्हिडिओ आहेत ते बहुतेक थंड देशातले, त्यात सगळे हीटर आणि थर्मोस्टॅटच्या गप्पा. इथे पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता ३८ डिग्री. अशा अंड्यांना २७ ते ३० बरं, ३२-३३ च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की पिल्लू मरतं किंवा पाठीचा कणा वाकडा होतो. म्हणजे आमचं काम उब द्यायचं नव्हतंच, उब कमी करायचं होतं, आणि तेही दोन महिने.

तिसरं शेजारी. आपल्याकडे धामण म्हणजे नागाची मादी हा समज किती घट्ट आहे ते फिल्डवर काम करणाऱ्याला सांगायला नको. दुपारपर्यंत आळीत बातमी की बाळूच्या घरात नागाची अंडी उबवायला ठेवलीत. एक आजोबा येऊन त्याच्या आईला म्हणाले, "निघतील तेव्हा कळेल, फणा काढूनच निघतील." नाग वेगळा, धामण वेगळी आणि बिनविषारी, नागाच्या मादीलाही फणा असतोच, हे किती वेळा सांगणार. इथे एक गोष्ट मात्र आमच्या बाजूने होती, अंडी घालणारी धामण समोर होती. शेतात खड्ड्यात नुसती अंडी सापडली असती तर मी छातीठोकपणे धामणच असं म्हटलं नसतं, कारण नुसत्या अंड्यावरून साप ओळखायचा भरवसा नाही आणि नागाचं पिल्लू बाहेर येतं तेच विषारी.

कोणकोणते पर्याय होते

अंडी परत मूळ जागी ठेवणं. तिथे जेसीबी चालू, विषय संपला.

दुसऱ्या एखाद्या वारुळात किंवा शेणखताच्या ढिगात पुरणं. बरेच जण हे करतात आणि "निसर्गात सोडलं" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मादी जागा निवडते ती ओल आणि गारवा बघून, आपण निवडतो ती जवळची असते म्हणून. आणि उकरलेल्या ताज्या मातीत मुंग्या, मुंगूस, घोरपड यांना अंडी सापडायला वेळ लागत नाही. शेणखताचा ढीग तर आतून चांगलाच गरम असू शकतो.

वनविभागाच्या उपचार केंद्रात पाठवणं. हा कागदावर सगळ्यात चांगला पर्याय, पण केंद्र चार तासांवर आणि रस्ता खराब. अंड्यात गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटायला लागतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की काम बिघडतं. कोंबडीच्या अंड्याला फिरवावं लागतं, सापाच्या अंड्याला अजिबात नाही, नेमकं उलट. आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांशी बोलणं झालं तेव्हा त्यांनीच विचारलं की गाडीत चार तास हलवण्यापेक्षा तुम्ही तिथेच कराल का, वनरक्षक येऊन बघत जातील. पंचनामा झाला, लेखी परवानगी आली, त्यात पिल्लं निघाली की वनरक्षकांसमोर सोडायची अशी अट. मग घरी उबवायचं ठरलं.

काय केलं

प्रत्येक अंड्यावर, ज्या बाजूने ते पडलं होतं त्याच्या वरच्या अंगाला, पेन्सिलने हलकी फुली. मार्कर नको, त्यातलं केमिकल कवचातून आत जायची भीती, सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, पाणी शोषून घेतं, तसं बाकीचंही घेतं. नऊचा गोळा आहे तसाच उचलला, एक बशी खाली सरकवून. चिकटलेली अंडी सुटी करायच्या नादात कवच फाटतं.

डबा पाच लिटरचा, गोल, पारदर्शक. आत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल मोजायची जुनी रीत, मूठभर घेऊन पिळायचं, गोळा झाला पाहिजे आणि बोटांतून एखाद-दोन थेंबच आले पाहिजेत. धार आली तर जास्त झालं. अंडी अर्धी आत, अर्धी वर. झाकणासकट सगळा डबा किचनच्या काट्यावर ठेवायला सांगितला आणि वजन वहीत लिहायला, २ किलो १४० ग्रॅम. डब्यातून जाऊन जाऊन जातं ते पाणीच, त्यामुळे वजन जेवढं घटेल तेवढंच पाणी गेलं, अंदाजपंचे करायची गरज राहत नाही.

पहिले दोन दिवस डबा खोलीतच होता, फरशीवर, पलंगाखाली, आणि तिथेही वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरवर दुपारी ३५ दिसत होतं. बर्फाच्या बाटल्या ठेवून बघितल्या तर तासाभरात खाली जायचं आणि परत वर यायचं, हे वरखाली मला आवडलं नाही. तोडगा काढला बाळूच्या आईने. घरात साप नको म्हणून दोन दिवस तोंड फिरवून बसलेली बाई, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे पाण्याला गार करतो तो रांजण, अंड्यांना नाही करणार का?" मागच्या दाराला त्यांचा जुना पाझरणारा रांजण पडलेला. तो मोठ्या घमेल्यात ओल्या वाळूवर बसवला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं, आत तळाला दोन विटा, विटांवर डबा, म्हणजे पाझरलेलं पाणी डब्याला लागणार नाही. तोंडावर फळी, थोडी फट ठेवून. एप्रिलच्या कोरड्या हवेत गोणपाट सुकतं तसा गारवा येतो. दुपारी खोलीत ३८ आणि रांजणात २९ ते ३०, रात्री २७. मी वीस वर्षांत एवढं साधं आणि नेमकं काही बघितलं नव्हतं. गोणपाटावर दिवसातून तीनदा पाणी मारायचं काम आईनेच घेतलं. घमेल्यातल्या पाण्यामुळे मुंग्यांचाही प्रश्न आपोआप सुटला.

सहाव्या दिवशी रात्री दिवे घालवून मोबाईलच्या टॉर्चने बघितलं, अंडं न उचलता कडेने उजेड लावून. अकरा अंड्यांत आत गुलाबी झाक आणि लाल बारीक शिरा, जाळ्यासारख्या. दोन सुट्या अंड्यांत काहीच नाही, नुसता सरळ पिवळा उजेड. ती न फळलेली. ती बाजूला काढली, पण लगेच टाकून दिली नाहीत, वनरक्षकांना दाखवून मगच.

पहिला खड्डा

नवव्या दिवशी, १ मेला, फोटो आला. गोळ्यातल्या वरच्या तीन अंड्यांना आणि एका सुट्याला खड्डा पडलेला, पिंगपाँगच्या चेंडूला अंगठ्याने दाबल्यावर पडतो तसा. विचारलं डब्याचं वजन किती, तर पहिल्या दिवसानंतर वजनच केलं नव्हतं. केलं, १ किलो ९५५. म्हणजे १८५ ग्रॅम घटलेलं, त्यातून बाजूला काढलेल्या दोन अंड्यांचं वजन सोडलं तर बाकी सगळं पाणीच गेलेलं. झाकणाला भोकं किती, चोवीस! कुठल्यातरी व्हिडिओत बघून तापलेल्या खिळ्याने पाडलेली, अंड्यांना हवा लागते म्हणून. हवा लागते पण एवढी नाही. चार भोकं ठेवून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितली आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून मिनिटभर हवा. गेलेलं तेवढं पाणी कोमट करून, अंड्यांना न लागता, डब्याच्या कडेकडेने दोन दिवसांत थोडं थोडं.

त्यावेळी फोनवर मी म्हणाले, "खड्डा पडला की समजायचं पाणी कमी पडलं." बाळूने ते लिहून घेतलं.

चार दिवसांत वरची तिन्ही अंडी परत टम्म. सुटं मात्र गेलं, पिवळं पडलं, सुरकुतलं, मग त्यावर हिरवट बुरशी. राहिली दहा. तेव्हापासून दर चार दिवसांनी वजन, वहीत तारीख-वजन-तापमान अशी तीन खणांची ओळ. ती वही मी बघितलीय, पोराचं अक्षर वाईट पण एक ओळ चुकलेली नाही.

मेचा उरलेला महिना काही घडलं नाही आणि काही घडलं नाही हेच चांगलं असतं. अंडी फुगत गेली, सुरुवातीपेक्षा चांगली दीडपट दिसायला लागली. आजोबा दोनदा चौकशी करून गेले.

दुसरा खड्डा

११ जूनला पाऊस लागला. हवा एकदम दमट, रांजणात २६. गोणपाट भिजवणं बंद केलं, त्याचा उपयोगही नव्हता, दमट हवेत ते सुकतच नाही तर गार काय करणार. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसायला लागले, ते अंड्यांवर पडू नयेत म्हणून झाकणाखाली टिश्यू पेपर लावला. इथपर्यंत सगळं बरोबर.

१६ जून, दिवस ५५, रात्री. गोळ्यातल्या पाच-सहा अंड्यांना परत खड्डे. बाळूने मला चार वेळा फोन लावला, मी एका रेस्क्यूला घाटाखाली होते, रेंज नाही. पोर घाबरलं. दोन महिन्यांची मेहनत, वनविभागाचे कागद, आळीचं लक्ष. त्याने साधारण दीड ग्लास पाणी डब्यात ओतलं आणि वरून स्प्रेने अंडी पण भिजवली.

सकाळी मी फोन बघितला आणि पोटात गोळा आला. कारण शेवटच्या आठवड्यात पडलेला खड्डा आणि नवव्या दिवशीचा खड्डा दिसायला सारखे, अर्थ वेगळे. बाहेर पडायची वेळ जवळ आली की अंडी आपोआप मऊ पडतात, दबतात. तेव्हा काही करायचं नसतं, नुसतं बघत बसायचं. पाणी जास्त झालं की मात्र पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत गुदमरू शकतं.

त्याच दुपारी एसटीने गेले. पारदर्शक डब्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं दिसत होतं. दोन मार्ग होते, डबा तिरका करून पाणी काढायचं किंवा गोळाच उचलून नव्या कोकोपीटमध्ये ठेवायचा. तिरका केला असता तर अंडी हलली असती, म्हणून पुन्हा तीच बशीची युक्ती, फुल्या वरच राहतील असा सगळा गोळा जसाच्या तसा उचलला आणि जेमतेम ओलसर कोकोपीटवर ठेवला. सुटं उरलेलं एक अंडं तसंच. गोळ्यातली खालची दोन अंडी टम्म, ताणलेली, काचेसारखी चमकत होती. त्यांचं खरं नव्हतं हे मला तेव्हाच वाटलं, बोलले नाही.

पिल्लं

२३ जूनला, ६२ व्या दिवशी सकाळी, सुट्या अंड्यावर ब्लेडने मारावी तशी बारीक चीर, त्यातून चिकट पाणी आणि दुपारपर्यंत एक नाक. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक बारीक दात असतो, अंडं कापण्यापुरता, नंतर पडून जातो. बाळूला मी शपथ घातली होती की ओढायचं नाही. पिल्लू डोकं बाहेर काढून एक-दीड दिवस तसंच बसतं, आतलं उरलेलं बलक पोटात घेत असतं, माणूस आला की परत आत जातं. आपण "अडकलंय बिचारं" म्हणून बाहेर काढलं तर बलक बाहेरच राहतं आणि रक्त जातं.

दोन दिवसांत आठ निघाली. साधारण सव्वा फुटाची, मोठे डोळे, आणि रागीट म्हणजे किती, डब्यावर सावली पडली तरी तोंड उघडून झेप घ्यायची. बाळूच्या आईने लांबून बघितलं आणि म्हणाली, "फणा कुठाय?" मग स्वतःच आजोबांना बोलवून आणलं. आजोबांनी बराच वेळ बघितलं. "मोठी झाल्यावर काढतील," म्हणाले.

खालची दोन अंडी तशीच. तिसऱ्या दिवशीही चीर नाही. चिरायची का वाट बघायची? लवकर चिरलं आणि आत जिवंत असेल तर आपण मारतो, उशीर केला तर असतं तेही जातं. पहिलं निघाल्यापासून चार दिवस थांबलो आणि मग बोथट टोकाच्या बारीक कात्रीने वरच्या बाजूला नखाएवढी खिडकी केली. दोन्हीत पूर्ण वाढलेली पिल्लं, नक्षी उमटलेली, मेलेली, आत पाणीच पाणी.

हिशोब असा: तेरा अंडी, दोन न फळलेली, एक पहिल्या खड्ड्यात गेलं, दोन दुसऱ्यात, आठ पिल्लं. आठांतल्या एकाची शेपूट टोकाशी वाकडी, पहिल्या दोन दिवसांच्या उकाड्याचा तो परिणाम असावा असा माझा अंदाज. चालायला-खायला अडचण नव्हती.

सोडायचं कधी यावर थोडी चर्चा झाली. बाळूचं म्हणणं पहिली कात टाकू दे, चार बेडूक खाऊ दे, मग सोडू. पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांनी पडते आणि तोवर पिल्लं बहुधा खातही नाहीत, पोटातल्या बलकावर असतात. मी आणि वनरक्षक दोघंही म्हणालो नको. पोटावरची नाळेची खूण मिटली की डब्यात ठेवून त्यांना आपण काही जास्त देत नाही. पाऊस पडलेला, बांधाबांधाने बोटाच्या पेराएवढी बेडकं उड्या मारतायत, धामणीच्या पिल्लाला याहून चांगला महिना कुठला. २९ जूनला सकाळी, ऊन चढायच्या आत, पंचनामा करून ओढ्याकाठी वेगवेगळ्या चार जागी दोन दोन सोडली, दगडी बांध आणि गवत बघून.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठं म्हणजे ही केसच व्हायला नको होती. २० तारखेला त्या मादीचं पोट नीट बघितलं असतं तर त्याच संध्याकाळी सोडली असती आणि तिने तिची जागा शोधली असती. खरचटल्याला डॉक्टर ही काळजी चांगलीच, पण भरल्या मादीला तीन दिवस ड्रममध्ये ठेवणं हे त्या खरचटण्यापेक्षा महागात पडलं. आता आमच्या ग्रुपमध्ये मार्च ते जून मोठी धामण आली की आधी पोटाचा फोटो मागतो.

झाकणाची भोकं, पहिल्या आठवड्यात न केलेलं वजन, हे बाळूने स्वतःच कबूल केलं. रांजण पहिल्या दिवशी सुचला असता तर ती शेपूट कदाचित सरळ राहिली असती.

आणि दुसरा खड्डा माझा. नवव्या दिवशी मी "सुरुवातीच्या दिवसांत" हे दोन शब्द गाळले, आणि शेवटच्या आठवड्यात अंडी दबतात हे आधी सांगून ठेवलंच नाही, मला वाटलं तेव्हा सांगू. सल्ला देणारा फोनवर असेल तर पुढच्या महिन्यात काय दिसणार ते आजच सांगून ठेवावं लागतं.

सोडून आल्यावर चहा पिताना मी त्याची वही चाळली. दिवस ५३ ची ओळ होती, वजन आदल्या वेळेपेक्षा फक्त १० ग्रॅम कमी, म्हणजे डब्यातलं पाणी कुठेच गेलं नव्हतं. त्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, मी त्या रात्री वही उघडली होती, पण पहिलं पान बघितलं." पहिल्या पानावर लाल पेनने, दोनदा गिरवून लिहिलेलं होतं: खड्डा पडला की समजायचं पाणी कमी पडलं.